मागचे दोन टायर

हे माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही, शाळेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बारा वर्षं बसणाऱ्या मैत्रिणीलाही माहीत नाही – आणि तिला तर मी घरातली भांड्यांची आदळआपटसुद्धा सांगत असते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता पोटात मावत नाही म्हणून असेल. कारण काहीही असो, सुरुवात तर केली.

गोष्ट टायरची आहे. हसू आलं ना? मलाही पहिल्यांदा क्षुल्लकच वाटली होती. गाडीचे टायर दोन बदलायचे की चार – एवढीच. एवढ्याशा गोष्टीवर माणूस किती खोटं बोलू शकतं, असं मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मीही हसलेच असते.

मी शिक्षिका आहे. जालन्यात राहते, बदनापूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. गाडी माझी आहे – म्हणजे माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावरची. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात ते कुणाला फारसं लक्षात राहत नसे. आमचे हे सरकारी कचेरीत आहेत. गाडी चालवायला बसले की घाम फुटतो, पण शेजारच्या सीटवर बसून गाडी कशी चालवावी हे ते राजूरपासून मंठ्यापर्यंत न थांबता सांगू शकतात. गिअर टाक, हॉर्न दे, क्लच सोड. मी वर्षानुवर्षं हे ऐकलं. ऐकता ऐकता माझ्यात एक वाईट सवय तयार झाली – ‘हो’ म्हणून मोकळं व्हायची. केलं का? हो. पाहिलं का? हो. करायचं ते माझ्या मनाने, आणि तोंडाने फक्त हो.

मला गाडी शिकवली ती ह्यांनी नाही. माझ्या धाकट्या दिरांनी शिकवली – दत्ताभाऊजींनी.

भाऊजी केदारखेड्याला असतात. मोसंबीची बाग आहे, शेती तेच बघतात. पण गावात त्यांची ओळख शेतकरी म्हणून नव्हती, ‘हात बसलेला डायवर’ म्हणून होती. कुणी नवी गाडी घेतली की शोरूममधून गावात आणायला आधी दत्ताला फोन. घरच्या बाईने ओवाळायचं, चारही चाकांखाली लिंबं ठेवायची आणि ती लिंबं चिरडत गाडी पुढे काढायची दत्तानेच. भावकीत लग्न असलं की नवरदेवाच्या गाडीचं स्टेअरिंग त्यांच्याकडेच. एक रुपया घेत नसत. फेटा बांधायचा, खिशात रुमाल टाकायचा आणि नवरदेवापेक्षा जास्त मिरवायचं. मला शिकवताना जालन्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या मोकळ्या जागेत महिनाभर माझ्या शेजारी बसले. मी गाडी एकदा हातगाडीवर घालता घालता राहिले, तरी आवाज चढवला नाही. ‘वैनी, गाडीला भ्यायचं न्हाई, गाडीचं आइकायचं’ – एवढंच म्हणाले. माझ्याशी इतक्या धीराने त्या घरात दुसरं कुणी वागलेलं मला आठवत नाही.

आता टायर.

गाडीला पाच-सहा वर्षं झाली होती. चारही टायर झिजलेले होते. ह्यांनी त्यांच्या कचेरीत चौकशी करून फर्मान काढलं – चारही एकदम बदल. मी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एकटीच टायरच्या दुकानात गेले. दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. त्यांनी वाकून चारही टायर पाहिले, बोट फिरवलं आणि तेच सांगितलं – मॅडम, चारी टाका.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं, बाई एकटी आली, हिला गाडीतलं काय कळतंय, चार गळ्यात मारा. पैशाची अडचण नव्हती हो. खरंच नव्हती. पण मला त्या दिवशी कुणाचंच ऐकायचं नव्हतं – ह्यांचं नाही, चाचांचं नाही. मी म्हटलं, दोनच टाका. पुढचे. मागचे दिवाळीपर्यंत निघतील.

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मला नीट समजावून सांगितलं. हे वाक्य मला अजून शब्दाशब्दानं पाठ आहे, म्हणूनच मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला राहिलेली नाही. ‘मॅडम, दोनच टाकायचे असतील तं नवे मागं टाका. पुढचं घसरलं तं स्टेअरिंगनं सांभाळता येतं. मागचं घसरलं तं गाडी हातात राहात न्हाई. पावसापान्यात बिलकुल न्हाई.’

बघा – नवे मागं टाका असं सांगून चाचांना एक पैसा जास्त मिळणार नव्हता. हा माणूस मला लुबाडत नाहीये, हे तिथल्या तिथे कळायला काय हरकत होती? वर्गात पोरांना ‘विचार करा, विचार करा’ म्हणून घसा कोरडा करणारी बाई मी. पण एकदा का आपलं ते खरं करायचं ठरवलं, की शहाणपण पायरीशी चपलेजवळ काढून ठेवतो आपण. मी म्हटलं, चाचा, इंजन पुढं, स्टेअरिंग पुढं, वजन पुढं – नवे पुढंच टाका. त्यांनी पाना पुन्हा उचलला. त्यांनी पुढे टाकले.

दुकानातून बाहेर पडतच होते तर ह्यांचा फोन. चारही टाकले ना?

मी म्हटलं, हो.

इतकंच. सवयीचं ‘हो’. नाही म्हटलं असतं तर घरी पोचेपर्यंत व्याख्यान, जेवताना व्याख्यान, आणि रविवारी भावाला फोन करून पुन्हा तेच. ते टाळलं. पुढच्या महिन्यात गुपचूप मागचे दोन बदलून टाकीन, कुणाला कळायचंय – असा माझा हिशेब होता. पुढचा महिना आला आणि गेला. गाडी धावत होती, बदनापूरचा रस्ता सरळ होता, आणि मी विसरले. खरं सांगू? पूर्ण विसरले नव्हते. रोज गाडीत बसताना एकदा आठवायचं, आणि रोज मी ते उद्यावर टाकायची.

मार्चमध्ये मंठ्याला माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा ठरला. ठरलं असं की, आदल्या दिवशी दत्ताभाऊजींनी एसटीने जालन्याला यायचं, माझी गाडी न्यायची, साखरपुड्याच्या सकाळी गावाकडून सासूबाईंना घेऊन यायचं आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून मंठ्याला जायचं. गाडी कार्याला जाणार म्हणून मी ती धुवायला दिली. आमच्याकडे गाडी कार्याला निघाली की नुसती धुऊन भागत नाही, टायरही पॉलिशने काळेभोर करतात. धुणाऱ्याने चारही केले. मागचे दोन गुळगुळीत टायर असे चकाकत होते की जणू कालच शोरूममधून आले असावेत.

भाऊजी आले, चहा घेतला, गाडीभोवती एक चक्कर मारली. ही त्यांची सवय. ‘दादा म्हन्ले, चारी नवे टाकले तुम्ही?’

मी दारात उभी होते. ह्यांनीही आतून ऐकलं असतं. दिवाळी होऊन चार महिने झाले होते, आणि आता खरं सांगायचं म्हणजे दोन खोटी कबूल करायची – बदलले नाहीत हे एक, आणि इतके दिवस बोलले नाही हे दुसरं. मी म्हटलं, हो भाऊजी, चारही.

त्यांनी वाकून पुढच्या टायरवर हात फिरवला. पुढच्याच. ‘तुमी टाकले म्हंजे बराबरच असंल,’ म्हणाले आणि चावी घेतली.

मागे जाऊन त्यांनी हात फिरवला असता तर त्यांना कळलं असतं. पण माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, म्हणून ते मागे गेले नाहीत. हे मी किती वेळा मनात घोळवलंय, विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडे अवकाळीची एक सर येऊन गेली. फार नाही, रस्ता ओला होण्यापुरती. राजूरच्या अलीकडे एक वळण आहे. त्या वळणावर गाडी मागून फिरली आणि रस्ता सोडून बाभळीवर आदळली – मागच्या डाव्या दारावर. त्याच दाराशी सासूबाई बसलेल्या होत्या. भाऊजींना खरचटलंसुद्धा नाही. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं.

साखरपुडा राहिला बाजूला, आम्ही सगळे दवाखान्यात. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढरा पडलेला. जो येईल त्याला एकच सांगत होते – ‘मी जोरात नव्हतो. ब्रेकपन मारला न्हाई. मागचं अंग आपोआप बाहेर गेलं.’ मी ते ऐकलं. मागचं अंग आपोआप बाहेर गेलं. चाचांनी सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच.

तेव्हा बोलायला हवं होतं ना? हो. पण तेवढ्यात आमचे हे बोलले. चार नवे टायर असलेली गाडी आपोआप कशी जाईल? मग कुणीतरी म्हणालं, दत्ता रात्रभर बागेला पाणी देत होता. खरंच होतं ते. आमच्याकडे शेतीची लाइट रात्रीची येते, मोसंबीला पाणी रात्रीच द्यावं लागतं. झालं – सगळ्यांना उत्तर सापडलं. टायर नवे, रस्ता ओळखीचा, ड्रायव्हर रात्रभर जागा. डोळा लागला. दुसरं काय?

माझं खोटं पुरावा म्हणून उभं राहिलं, आणि मी त्याच्या बाजूला गप्प उभी राहिले.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल – घाबरली बिचारी, ऐन वेळी तोंड उघडलं नाही, माणसाचं होतं असं. मीही स्वतःला बरीच वर्षं इथपर्यंतच सांगत आले. इथे थांबलं की बरं वाटतं. पण गोष्ट इथे थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचं ऑपरेशन होतं. सगळे दवाखान्यात होते. गाडी ओढून जालन्याच्या एका गॅरेजात आणून ठेवलेली होती. मी म्हटलं, मी गॅरेजात जाऊन येते, तुम्ही सगळे आईंजवळ थांबा. सगळ्यांना वाटलं, केवढी समजूतदार. मी रिक्षाने गेले. मिस्त्रीने मला मागे नेऊन दाखवलं – मॅडम, हे दोन टायर पार संपलेले होते, गाडी यामुळेच फिरली असणार.

ऐका आता. रडू नव्हतं आलं मला, डोकंही फिरलेलं नव्हतं. मी अगदी शांत होते. मी त्याला म्हटलं, हे दोन्ही आजच्या आज बदला, पुढच्यासारखेच टाका, जुने इथे ठेवू नका. आणि घरचं कुणी आलं तर टायरचं काही बोलू नका. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. ते काम होईपर्यंत मी तिथे स्टुलावर बसून राहिले. नवे टायर बसले, त्यांना थोडा चिखल लावायला सांगितला – हो, तेही सांगितलं – आणि मग दवाखान्यात परत गेले. ऑपरेशन नीट झालं होतं. भाऊजी दारातच होते. त्यांनी मला विचारलं, ‘वैनी, गाडी लई गेली का वो?’ मी म्हटलं, गाडीचं राहू द्या, तुम्ही दोन घास खाऊन घ्या.

‘हो’ तोंडातून निसटलं होतं असं म्हणता येईल. चिखल निसटत नाही.

नंतर काय झालं तेही सांगते. सासूबाई वॉकर घेऊन चालू लागल्या, पण घराबाहेर अशा पुन्हा गेल्याच नाहीत. नातीच्या लग्नालाही नाही. आणि भाऊजींनी गाडी सोडली. कुणी सोडायला लावली नाही, पण कुणी बोलवलंही नाही. गावात नव्या गाड्या येत राहिल्या, लिंबं ठेवली जात राहिली, दत्ताला फोन येईना. पोरांनी नाव पाडलं – डुलकी. ‘डुलकी चालले बाजारला.’ ते हसण्यावारी न्यायचे. माझी जाऊ मंगल मोटारसायकलवरसुद्धा त्यांना लांब जाऊ देत नसे. भावकीच्या लग्नांत आता ते मागच्या सीटवर बायकांमध्ये बसतात, रुमाल मांडीवर घेऊन.

आणि मी? माझं नाव झालं. गाडीचं एवढं वाटोळं झालं, पण वैनीनं दिराला एक शब्द बोलून दाखवला नाही – असं सगळी भावकी म्हणायची. नणंद तर चारचौघींत म्हणाली, वहिनीसारखं मन पाहिजे. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना – कुणी टायर हा शब्द उच्चारला तरी मी स्वयंपाकघरात निघून जायची.

एकदा – अपघाताला वर्ष झालं असेल – भाऊजींनी मला एकटीला गाठून विचारलं. मी भाजी निवडत होते, ते समोर पाटावर बसले. म्हणाले, ‘वैनी, मला झोपल्यालं आठवतच न्हाई. ते वळन आठवतंय, बाभूळ आठवतीय, माय काय बोलू राह्यली होती तेपन आठवतंय. मंग मी झोपलो कवा? पन झोपल्याशिवाय गाडी आशी जाती का, तुमी सांगा.’

ज्याने मला गाडी शिकवली, तोच माणूस मला गाडीचं विचारत होता. आणि मी काय सांगितलं? म्हटलं, भाऊजी, होतं असं कधी कधी, क्षणभर डोळा लागतो आणि कळतही नाही. मनावर घेऊ नका. किती मायेने म्हटलं मी! ते ‘हं’ म्हणाले, उठले, आणि त्यानंतर कधी विचारलं नाही. त्यांच्या मनात जी एक शेवटची शंका होती, खरी होती, ती मी त्या दिवशी माझ्या हाताने विझवली.

यंदाच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडेच होत्या, जालन्याला. अंथरुणाला खिळलेल्या. भाऊजी दर आठवड्याला एसटीने यायचे. एका दुपारी आले, बागेतली मोसंबी घेऊन. घरात आम्ही तिघंच. मी चहा ठेवायला आत गेले, आणि चहा घेऊन आले तर दाराशीच थांबावं लागलं.

भाऊजी आईच्या पायांवर डोकं ठेवून रडत होते. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावरचे केस पांढरे झालेले. म्हणत होते, ‘माय, मला झोप लागल्ती. मी इतकी वरसं खोटं बोललो सगळ्यायला. मला झोप लागल्ती, माय. तुला मीच आसं केलं.’

सासूबाईंनी कसाबसा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. ‘आसू दे रं बाबा. रातभर पानी देऊन आल्ता तू. मी कवाच सोडलं ते.’

समजतंय का तुम्हाला? न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली त्या माणसाने. आठवत नसलेली झोप त्याने स्वतःला आठवायला लावली. आणि खरं बोलत होता ती सगळी वर्षं त्याने खोटेपणा म्हणून स्वतःच्या माथी मारून घेतली. आईने ते माफही केलं. आणि ज्या बाईला माफी लागत होती, ती हातात ट्रे घेऊन दारात उभी होती. तीन पावलं टाकायची होती मला. सासूबाई शुद्धीत होत्या, ऐकू येत होतं त्यांना. भाऊजी समोर होते. घरात चौथं माणूस नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ देवानेसुद्धा कुणाला दिली नसेल.

मी आत गेले. भाऊजींनी डोळे पुसले. मी त्यांच्या हातात कप दिला आणि विचारलं, साखर बरोबर आहे का?

आठ दिवसांनी सासूबाई गेल्या. मुलाने आपल्याला अधू केलं आणि आपण त्याला माफ केलं, असंच समजून गेल्या.

भाऊजी अजून आहेत. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. राखीपौर्णिमेला मंगल माहेरी गेली तेव्हा ते जेवायला आमच्याकडेच होते, माझ्या हातची पुरणपोळी दोनदा मागून घेतली. त्या वेळीही मी सांगितलं नाही.

माझ्या गाडीला दोनच नवे टायर होते. ते पुढे होते. मागचे संपलेले आहेत हे मला माहीत होतं, आणि त्याने काय होऊ शकतं हेही मला सांगितलेलं होतं. दत्ताभाऊजी त्या सकाळी जागे होते.